अंगुस्तानाचा ठेका

प्रिय खारूताई,

तू परिषदेला गेली आहेस आणि मी प्रयोगशाळेतल्या तुझ्याच खोलीत, तुझ्याच टेबलापाशी बसून हे लिहितो आहे. काचेपलीकडे आईचे पाय दिसतात. टोपीवालीनं तिला स्वच्छ मोजे घातलेत. टोपीवाली म्हणजे तुझी तंत्रज्ञ गं. रोज सकाळी ती आईच्या डोक्यावर तारांची टोपी चढवते, म्हणून मी तिला हे नाव ठेवलं आणि तिनंही ते हसत चालवून घेतलं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधेच बोलतेस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी. पत्रात कुणाला मधे तोंड घालता येत नाही.

आत्ता ऊन तिरपं झालंय आणि मला आपली जुनी शाळा आठवते आहे. वर्गाच्या खिडकीसमोर एक शिवणाचं दुकान, आणि दुकानाच्या खिडकीत तुझी आई. माझ्या वर्गातली मुलं एका सुरात कविता म्हणायला लागली की ती मशीनचं चाक थांबवायची आणि बोटातल्या अंगुस्तानानं लाकडावर ठेका धरायची. सुई बोचू नये म्हणून घालायची ती एवढीशी धातूची टोपी, पण काय खणखणीत वाजायची! मुलं अडखळली की ठेका थांबे. चूक माझ्याआधी तिला कळायची. लग्न आमचं असं ठेक्यातच ठरलं म्हण ना. पुढं रोज संध्याकाळी मी म्हणायचो, ती वाजवायची, आणि तू मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोपून जायचीस.

वर्गात एखादं पोर अडलं की शांतता पसरायची. ती मला कधीच सोसली नाही. मी खिडकीकडे तोंड करून पुढची ओळ पुटपुटायचो, ओठ जेमतेम हलवत, आणि पोर सुटायचं. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणायचे, गुरुजी, तुमच्या वर्गात कुणी नापास होत नाही, कारण परीक्षा तुम्हीच देता. सगळे हसायचे. मीही हसायचो. पुढं पुढं मला कळायचंही नाही मी पुटपुटतोय ते.

मग आईच्या बोटातून अंगुस्तान गळून पडायला लागलं. मी तुला फोन केला होता. तू घाईत होतीस. वय झालं बाबा, हात थोडे कापणारच, म्हणालीस. मेंदूच्या दुखण्यांवर जगभर व्याख्यानं देणारी माझी लेक म्हणते आहे म्हटल्यावर आम्ही निर्धास्त झालो. काही महिन्यांनी एका सकाळी ती मशीनपाशीच कोसळली. तू आलीस तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण त्यातून कुणी बघत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी मान हलवली. तू मात्र तिला इथं, तुझ्या प्रयोगशाळेत घेऊन आलीस.

तू मला समजावलंस, अगदी मी मुलांना समजवावं तसं. मेंदूत हाताची म्हणून एक जागा असते. नुसतं मनात बोट हलवलं तरी तिथल्या लहरी दबतात, आणि ते पडद्यावर दिसतं. बाकीच्या रोग्यांना तुम्ही मनात मूठ वळायला सांगता. आईसाठी तू वेगळं योजलंस. तिच्या कानाशी वाकून म्हणालीस, "आई, हो असेल तर मनात अंगुस्तानाचा ठेका धर. नाही असेल तर हात स्वस्थ ठेव." मला काय अभिमान वाटला होता तुझा! चिंध्यांत झोपलेली पोर सगळं ऐकत होती तर.

आधी सोपे प्रश्न झाले. तुम्ही पुरुष आहात का, असं टोपीवालीनं विचारलं तेव्हा मला हसू आवरेना. पडद्यावर आईचा हात स्वस्थच राहिला. शेजारी तुमचे यजमान बसलेत का? ठेका. तुम्हा सगळ्यांची खात्री पटली. मग एक दिवस तू टोपीवालीला काहीतरी आणायला पिटाळलंस आणि विचारलंस, "आई, तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. मला माफ केलंस का?" खोलीत ती शांतता पसरली. आणि पडद्यावरची रेघ दबली, पुन्हा दबली, पुन्हा. तू पलंगाच्या कडेवर डोकं टेकलंस आणि किती वेळ उचललं नाहीस. तू गेल्यावर मीही एक विचारून घेतलं. माझ्याबरोबर सुखात होतीस का? हो म्हणाली. त्या दिवशी मी नवरदेवासारखा चालत घरी गेलो. आणि शेवटी तू तो मोठा प्रश्न विचारलास. कवटी उघडून मेंदूवरच तारा बसवू का, म्हणजे तुला आणखी बोलता येईल? तिनं त्यालाही हो म्हटलं. सर्जन तयार झाला. उरली फक्त माझी संमती.

तू गेलीस आणि माझा घसा बसला. ओठांतून वाराही निघेना. मी नाकातोंडाला रुमाल बांधून पलंगापाशी बसायचो. टोपीवाली सरावाचे प्रश्न विचारायची आणि म्हणायची, काकू रुसल्यात हो. तिनं तारा बदलल्या, टोपी बदलली. काकू गप्प. मग घसा सुटला आणि काकू बोलायला लागल्या. टोपीवाली मला म्हणाली, तुमचीच वाट बघत होत्या की, काका! ती हसली. मला हसता आलं नाही.

मी तिला तोच पहिला प्रश्न पुन्हा विचारायला सांगितलं आणि अडलेल्या पोराला द्यायचो तशी ओळ ओठांत पुटपुटलो. तुम्ही पुरुष आहात का? हो. तुम्ही काकांच्या शाळेच्या मुख्याध्यापक आहात का? हो. मग टोपीवालीचं तोंड उतरलं, ती विचारेना, तेव्हा मीच विचारलं. तू मेली आहेस का? हो. शेवटी काहीच न विचारता मी नुसती कविता पुटपुटलो. रेघ माझ्या मात्रांवर दबत राहिली. ओळीच्या मधेच थांबलो, तीही थांबली. टोपीवाली बराच वेळ आईच्या केसांतलं, तारांखाली लावलेलं जेल पुसत बसली होती.

आज तू व्यासपीठावर आईचं 'हो' दाखवत असशील. लोक उभे राहून टाळ्या वाजवत असतील. वाजवू देत. तुला कुणी सांगितलं नाही असं मात्र व्हायला नको.

परवा सर्जन येईल. मी संमती देणार नाही, म्हणून हे पत्र. भीती वाटते एवढंच म्हणालो असतो, तर तू मला गोडीत घेतलं असतंस. बाबा, आईच हो म्हणाली आहे, म्हणाली असतीस, आणि मी विरघळलो असतो. तेव्हा तो 'हो'च उसवणं भाग होतं. शिवणारणीची मुलगी आहेस, एक टाका उसवला की पुढचे कसे निघतात तुला सांगायला नको. त्यात माझा सुखाचा टाकाही गेला. तिच्या हाताला माझा आवाज कळतो. त्याच्या आत कुणी आहे का, ते ना मला ठाऊक, ना तुझ्या यंत्राला. तिनं स्वतःच्या तोंडानं तुझ्याबद्दल जे शेवटचं म्हटलं ते मात्र मी ऐकलं आहे. तुझा तो फोन ठेवल्यावर तिनं अंगुस्तान खणात टाकलं आणि म्हणाली, "तिला पुन्हा फोन करू नका. तिला वेळ नसतो." मी हे वाक्य सगळ्या चालींवर म्हणून पाहिलं गं, त्यात माफी कुठं बसत नाही. तुझा विश्वास बसायचा नाही, तर आल्यावर पुन्हा विचार. मी बाहेर बाकावर बसेन, तोंडाला रुमाल बांधून. तोच प्रश्न विचार आणि वाट बघ. शांतता सोसवली नाही तर मला आत हाक मार. मी येईन, आणि आई हो म्हणेल, तुला हवं तितक्या वेळा.

तुझाच, वर्गात कुणाला नापास होऊ न दिलेला,
बाबा