पायजम्याची नाडी

११ नोव्हेंबर
सकाळच्या गाडीने तिरोडीहून आलो. मामांनी नोकरी लावून दिली. बालाघाटबाहेर, धानाच्या शेतांमध्ये हे मानसिक रुग्णांचं खाजगी केंद्र आहे. माझी खोली स्वच्छ, खिडकीतून कापणी दिसते. गाडी चालवणाऱ्या राकेशदादांनी पहिलं काम शिकवलं: नव्या रुग्णाच्या पायजम्याची नाडी काढायची. नाडीचा गळफास लावून घेण्याची भीती नको. शिवाय एका हाताने पायजमा धरलेला माणूस पळत नाही. केंद्र चालवणाऱ्या शीला मॅडम म्हणाल्या, नातेवाईक सांगतील तेच खरं. ‘मी बरा आहे’ असं प्रत्येकच रुग्ण म्हणतो.

१२ नोव्हेंबर
खैरलांजीकडच्या एका गावातून रुग्ण आणला. थोरला भाऊ प्रेमलाल याने फोन केला होता. धाकटा देवेंद्र जेवत नाही, विहीर हाक मारते म्हणतो. अंगणात दोघं होते. एक खाटेवर शांत बसलेला. दुसरा हातवारे करत धावत आला, बांधू नका, हळू न्या, म्हणून ओरडू लागला. राकेशदादा हसले. “हाच हाये. चल भाऊ, फिरायले जाऊ.” मी पाय धरले, त्यांनी इंजेक्शन टोचलं. खाटेवरच्याने हात जोडून आम्हाला निरोप दिला.

१३ नोव्हेंबर
शुद्धीवर येताच त्याने माझं मनगट पकडलं. “अरे, मी प्रेमलाल! मीच फोन केलता. देवेंद्र तिकडं एकटा हाये, मले जाऊ दे.” राकेशदादांना सांगितलं. ते म्हणाले, मागच्या आठवड्यातला रुग्ण तं स्वतःले कलेक्टर म्हणे.
रुग्णाने दिलेल्या नंबरवर मी फोन लावला. शेजारच्या तुळसाबाई बोलल्या. “देवेंद्रले काहून ठेवून गेले तुम्ही? सकाळपासून विहिरीच्या काठावर बसून राह्यला. मी म्हातारी, किती धरू त्याले?”
मॅडमकडे धावलो. आवाज जरा चढला माझा. त्यांनी मला बसवलं, मामांना फोन लावला आणि माझ्याबद्दल विचारलं. लहानपणापासून असाच घाबरतो का? चपला पुन्हा पुन्हा सरळ करतो का?
पलीकडून मामा म्हणत होते, “हौ. हौ, मॅडम.”

१४ नोव्हेंबर
तुळसाबाईंचा फोन आला. काठावर नुसत्या चपला आहेत.
प्रेमलालने विचारलं, जेवला का देवेंद्र?
बाहेर पडायला गेलो, तर फाटकाला कुलूप. मोबाईल मॅडमनी काढून घेतला. थोडा आराम कर म्हणाल्या —

दुपार
आंघोळ करून आलो तर धुतलेले कपडे आले होते. घड्या नीट. पायजम्यात नाडी नाही. दुसऱ्यातही —
एका हाताने लिहितो आहे.
दाराबाहेर राकेशदादा. “चल रजतभाऊ, फिरायले जाऊ.”
ओरडायचं नाही. खाटेवर शांत बसायचं. देवेंद्रसारखे हात जोडून —
पण हात जोडले तर पायजमा —