भाषण तिथं संपलं नव्हतं

सोनगीर, ता. जि. धुळे
रविवार, २ मार्च २०२५

आदरणीय नवलनाना आणि अक्का,

दिवल्याचा दोघांना पाया पडून नमस्कार. मी इथं बरा आहे. तुम्हीही बरे असाल असं पुढं लिहायचं असतं, हातानं लिहायलाही घेतलं होतं, मग थांबलो.

पत्र बघून अक्का म्हणतील, याला मोबाईल आहे की. आहे. तुम्हीच दिलेला आहे, नाना, काच फुटू दिलेली नाही. पण फोनवर तुम्ही "हं, बोल" म्हणाला असता आणि मी दुसरंच काहीतरी बोलून ठेवून दिला असता. कागद तसं करू देत नाही. आठवीनंतर एवढं लांब लिहिलेलं नाही, चुका पोटात घाला.

सोनगीरला मी तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्या एकाकडं राहिलोय. दिवसभर ठोकठोक, पहिले दोन दिवस डोकं उठलं, आता ते थांबलं की जाग येते. मी भांडी घासून चकचकीत करतो. एक हंडा घासता घासता त्यात माझं तोंड दिसायला लागलं, रुंद, बेडकासारखं, तर मी तेच बघत बसलो आणि मालक म्हणाला, "आरसा पाहिजे का तुला?" किल्ल्यावर तीनदा जाऊन आलो. वर खोल विहीर आहे. दगड टाकला तर बुडाला की नाही ते कळेपर्यंत आपण दुसऱ्याच विचारात जातो.

बघा, परत भरकटलो. मला लिहायचंय ते गिरणाकाठच्या भरीत पार्टीचं.

जानेवारीतली, भडगावच्या रस्त्यावरच्या मळ्यातली. तुम्हाला आठवतच असेल, तुम्हाला ती विसरता येणार नाही अशी मी सोय करून ठेवली आहे. आपल्याकडं हिवाळ्यात पक्षाची बैठक म्हणजे भरीत. दोन-अडीचशे माणूस सतरंज्यांवर, पलीकडं कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली, आणि तुम्ही केळीच्या बांधाला उभं राहून बोलायला लागलात. मी समोर मोबाईल धरून. त्या आधी तुम्ही सगळ्यांना काय सांगितलं होतं ते मला पाठ आहे. "हा दिवल्या तीन शाळा, चार हॉटेलं आणि एक ट्रक सोडून आलाय. पण आपल्याकडं एका जागी उभं राहायला शिकला." लोक हसले. मला फार बरं वाटलं होतं, नाना. त्याच्या आधी माझ्याबद्दल असं कुणी चारचौघांत बोललं नव्हतं.

मग तुम्ही ठिबकचं काढलंत. इस्रायलला अभ्यास दौऱ्यावर गेला होतात, झाडाला थेंबाथेंबानं पाणी कसं द्यायचं ते तिथं पाहिलं. आणि म्हणालात, ज्या देशानं आपल्याला थेंबाची किंमत शिकवली तो आज गाझात लेकरांचं पाणी तोडतो. अशा देशाची नळी माझ्या शेतात नको, उद्या उपटून बांधावर टाकतो. रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर नुसता काड्या तडतडायचा आवाज.

आणि इथंच मला मागून आमच्या पाड्याकडची बोली ऐकू आली.

वांगी भाजायला ज्या बाया आणल्या होत्या त्यात नानीबाई होती, शिरपूरच्या वर आमच्या पलीकडच्या पाड्यावरची. कापूस वेचायला आली होती. दीड वर्षात माझ्याशी त्या बोलीत कुणी बोललं नव्हतं. मी मोबाईल बंद केला आणि गेलो. फक्त एक मिनिट असं मनाशी म्हणून गेलो. तिनं एक वांगं सोलायला दिलं, बोटं भाजली, आई कशी आहे ते सांगितलं, लाकडी बडगीत भरीत ठेचता ठेचता मला चिडवलं, "साहेबाचा फोटोवाला झालास, पायात बूट आले." तेवढ्यात मागं टाळ्या वाजल्या. चांगल्या, दोन्ही हातांनी वाजवलेल्या. मी पळत आलो तर तुम्ही खाली बसत होता.

संध्याकाळी माझ्याकडं जेवढं होतं त्यातले चाळीस सेकंद कापले. चाळीसच्या वर कुणी बघत नाही, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. वर लिहिलं, 'नानांचा दणका'. पहिला अंगठा लीलाधरभाऊंचा आला. जिल्हा सरचिटणीस असून त्यांनी स्वतः खाली लिहिलं, 'वाघ'.

पुढचं तुम्ही भोगलंत. तिसऱ्या दिवशी मुंबईहून फोन आले आणि लीलाधरभाऊंचा अंगठा आणि वाघ दोन्ही गायब. मग पक्षाचं एक ओळीचं पत्रक, आमदारांचं ते वैयक्तिक मत. मग सात दिवसांत खुलासा. गाझातलं पाणी, इस्रायल, ठिबक, यातलं काहीही त्या खुलाशाच्या नोटिशीत नव्हतं, फक्त 'पक्षाची प्रतिमा' चार वेळा होती, मी मोजलं, कारण अक्कांना ती मीच वाचून दाखवली. काही लोक तर तुम्हाला हार घालायला आले आणि त्या देशातल्या माणसामाणसाला शिव्या घालून गेले. ते गेल्यावर तुम्ही हार काढून खुर्चीवर ठेवलात आणि म्हणालात, "हे माझं बोलणं नाही." मी तिथंच उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं.

आता ते. विश्रामगृहातली तीन माणसांची समिती.

आपली माणसं एकेक आत जात होती आणि बाहेर येऊन तेच सांगत होती, "आम्ही लांब बसलो होतो हो, ऐकू आलं नाही." अडीचशे माणसं एका सतरंजीच्या कडेला कशी लांब बसली देव जाणे. शेवटी मला बोलावलं. तुम्ही कोपऱ्यात खुर्चीवर होता. तुमचं त्यांना सांगून झालं होतं की नळीच्या पुढं तुम्ही मोशेबाबाचं बोललात. दौऱ्यात ज्याच्या घरी राहिलात तो म्हातारा शेतकरी, ज्याचा नातू त्या ऑक्टोबरच्या हल्ल्यात मारला गेला. त्याच्या दारात बसून रडावं असं वाटतं, आणि गाझातल्या बाईच्याही दारात, असं बोललात. मधल्या साहेबांनी मला विचारलं, "पूर्ण रेकॉर्डिंग हेच का?"

मी म्हणालो, "हो."

"मग इथं का थांबलं?"

"भाषण तिथं संपलं म्हणून."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायला लागलात.

मला कुणी धमकावलं नव्हतं, नाना. तसं सांगता आलं असतं तर सोपं झालं असतं. तुमच्यासमोर 'मी जागा सोडून वांगं खायला गेलो होतो' हे म्हणवत नव्हतं, एवढंच. तुम्ही मला एका जागी उभं राहायला शिकलेला म्हणाला होता. तो शब्द राखायला मी तुमची आमदारकी पणाला लावली.

आणि याहून वाईट आहे ते. मला माहीत होतं. भरीत पार्टीच्याच दुपारी बडगी धुताना नानीबाईनं मला विचारलं होतं, "तो तिकडचा म्हातारा, ज्याचा नातू गेला, तो आता एकटाच राहतो का?" तिनं सगळं ऐकलं होतं, आगीपाशी बसून. समितीनं जेवलेल्या सगळ्यांना विचारलं, रांधलेल्या बायांना बोलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं. तिचं नाव मी घेतलं नाही.

परवा मोबाईल चालू केला तर लीलाधरभाऊंचा फोन. "दिवल्या, कुठं शे रे तू? दहा तारखेला शेवटची सुनावणी शे. नानांनी माफीवर सही केली नाही तर काढून टाकतील, आणि नाना सही करत नाहीत. तू येऊन मागचंच सांग. मग तुला जिल्हा कार्यालयात बसवतो, पक्षाचा सगळा मोबाईल तुझ्याकडं." मी म्हणालो, येतो. ते खूश झाले.

येतो म्हणजे खरंच येतो. काल बसनं शिरपूर, तिथून जीपनं आणि पुढं पायी पाड्यावर जाऊन आलो. नानीबाईला सगळं सांगितलं. तिनं मला शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. मग विचारलं, "मी बोलले तर ते खुर्ची देतील का उभं ठेवतील?" मी म्हटलं, उभं ठेवतील. ती म्हणाली, "मग चालतं, बसून मला बोलता येत नाही." दहा तारखेला सकाळच्या बसनं तिला घेऊन जळगावला येतोय. आधी मी सांगणार की मी तिथं नव्हतो, आणि तिथं नसून टाळ्या ऐकल्या. मग ती सांगेल. ते मानतील असं नाही. त्यांनी ठरवलंय असंच दिसतं. तुम्ही माना असंही मी म्हणत नाही.

लीलाधरभाऊंना यातलं सांगू नका.

एक राहिलं. त्या दिवशी विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर मी तुम्हाला चुकवून निघालो होतो, तर तुम्ही मागून हाक मारलीत, "दिवल्या, जेवना का रे?" मी वळून न बघता हो म्हणालो. तेही खोटं होतं. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, नाना.

दहा तारखेला, आत बोलावतील तोवर, दाराशी उभा असलेला,
दिवल्या