ऐकणारं कुणीतरी

बाबा,
नमस्कार. पत्रात तो लिहावाच लागतो, म्हणून.

मी बरा आहे. परवा शीतगृहात मासळीची खोकी रचत असताना दार बाहेरून अडकलं आणि मी आत कोंडला गेलो. पाय बधिर झाले, तसे माझे हात आपोआप जोडले गेले. हो, माझे! खूश होऊ नका. तुम्ही म्हणता, भक्ती माणसाच्या रक्तातच असते. मला एवढंच कळलं, की घाबरलेल्या माणसाला आपलं ऐकणारं कुणीतरी हवंच असतं. कुणी नसलं, तर तो मनानेच उभं करतो. दार मात्र पहारेकऱ्याने उघडलं, मी लाथा घातल्या म्हणून.

आईनेही शेवटी हात जोडले होते. "बघा, देवाला शरण गेली," असं तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात. ती तुमच्याकडे बघत होती, बाबा. तिला दवाखान्यात जायचं होतं.

धाकटीचा ताप उतरला का? तुम्ही तिच्या उशाशी जप करत बसलाय, असं कळलं. हे पत्र मामाच्या हाती देतोय. तो गाडी घेऊन आलाय. तिला त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जाऊ द्या. आडवे आलात आणि तिला काही झालं, तर तुम्हाला एकही मूल उरणार नाही.

अजून तरी तुमचा,
थोरला