साडूच्या चुका

२ मार्च, सोमवार

आज साडू माझ्या सीटवर बसला! बुटका आहे, म्हणून सीट पुढे ओढून घेतली. बारा वर्षं त्या छोट्या ट्रॅक्टरवरून रोपवाटिकेची माती, खत, कुंड्या वाहिल्या मी. आणि हा हिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा आमच्या दारावरून हॉर्न वाजवत गेला. आयत्या बिळावर नागोबा!

झालं ते इथेच लिहितो, दुसरीकडे बोलायची सोय नाही. जानेवारीत एका रविवारी "दादा, तासभर द्या" म्हणून यानं ट्रॅक्टर नेला, वाळक्या झाडाचा बुंधा उपटायला. अर्ध्या क्लचवर ताणताणून क्लचप्लेट जाळली. मेव्हणीकडे बघून मी गप्प राहिलो. रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी विचारलं, तेव्हा हा माझ्याच शेजारी उभा राहून म्हणाला, "दादांचं वय झालं आता. क्लचवरून पाय उचलतच नाहीत."

माझा पाय!

मला घरी बसवलं. याला नेमलं. बघतोच आता.

४ मार्च

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रॅक्टरची शेड दिसते. सकाळी चालू केल्या केल्या यानं फुल रेस दिली. इंजिन गार, तेल अजून वर चढलेलं नाही, आणि हा बोंबलवतोय! मग शेडपासून विहिरीपर्यंत पाय क्लचवर ठेवूनच गेला. मला नावं ठेवणारा! ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी बकेटमध्ये काठोकाठ ओली माती, तीही छातीइतकी वर उचललेली, आणि मागे वजन काहीच नाही. मागची चाकं गुदगुल्या केल्यासारखी उडत होती.

"खिडकीला काय चिकटलात सकाळपासून?" ही म्हणाली.

"हवा खातोय."

५ मार्च

ग्रीसगन खुंटीवर तशीच लटकते आहे. धूळ बसली तिच्यावर. छान.

८ मार्च, रविवार

साडू घरी आला. सावलीसारखा दारात उभा. "दादा, काटा सारखा लालवर जातो हो."

मला इथे बसून कळतं काय झालंय ते. रेडिएटरच्या पुढची जाळी पाचोळ्यानं गच्च भरली असणार. इंजिन गार होऊ द्यायचं, जाळी काढून झटकायची, आतून बाहेर हवा मारायची. दहा मिनिटांचं काम. मी म्हणालो, "ऊन आहे, तापणारच. झाकण उघडून पाणी घाल." गार झाल्यावर उघड, एवढंच सांगितलं नाही.

९ मार्च

मनगटाला पट्टी बांधून आला. वाफेनं भाजलं. "माझीच घाई," म्हणाला.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

११ मार्च

आज मात्र मोठं काम झालं.

साडूनं विचारलं, "दादा, ब्रेकची पेडलं दोन कशाला? आणि मधे ती कडी कसली?"

डावं पेडल डाव्या चाकाचं, उजवं उजव्याचं. वाफ्यांच्या टोकाला जागच्या जागी वळायचं असेल तर कडी काढून एकच दाबायचं. एरवी दोन्ही पेडलं एकत्र जोडणारी ती कडी लावलेलीच हवी. उतारावर, ट्रॉली जोडलेली असताना तर हवीच हवी. नाहीतर घाईत पाय एकाच पेडलवर पडतो, एक चाक जागीच जाम होतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरून कोलमडतो.

मी म्हणालो, "काढूनच ठेव ती. वळायला हलकं जातं."

जीभ जराही अडखळली नाही! ही आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. साडू म्हणाला, "दादा, मन मोठं आहे तुमचं."

डोक्यावरची लोखंडी कमान त्यानं आधीच मागे पाडून ठेवली आहे, फांद्यांना अडकते म्हणून. ट्रॅक्टर उलटला तर तीच वाचवते. ते मी नाही हं सांगितलं. ते त्याचं स्वतःचं डोकं.

१२ मार्च

दिवसभर सपाट वाफ्यांवरच फिरला. चढउतारावर जातो कधी हा?

१३ मार्च

उद्या वरच्या शेडमधली रोपं ट्रॉलीत भरून खाली रस्त्यापर्यंत आणणार आहे. म्हणजे तो लांब उतार! सुंठीवाचून खोकला.

जेवताना ही अचानक म्हणाली, "त्यांच्याशी ट्रॅक्टरचं काही बोलणं झालं का तुमचं?"

"माझं कशाला होईल?"

तिनं भाताचं भांडं उचलून ठेवलं. मग म्हणाली, "बरं."

१४ मार्च, शनिवार



ही सकाळीच "बहिणीकडे जाऊन येते" म्हणून गेली. मी चहा घेऊन खिडकीशी. दहाच्या सुमारास वरून ट्रॉली निघाली. रोपांच्या खोक्यांवर कोणीतरी बाई बसलेली. मेव्हणी असेल, म्हटलं. मग साडी ओळखली. ही! आमच्या खिडकीकडेच तोंड करून बसलेली.

कप कुठे पडला आठवत नाही. घर आणि रोपवाटिका यांच्यामधली भिंत ओलांडली — या वयात! — आणि उतार चढत सुटलो. "कडी लाव! थांब! कडी!" इंजिनापुढे काय ऐकू येणार त्याला? मग मी सरळ वाटेत जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात वर करून.

मला बघून तो घाबरला आणि त्यानं ब्रेक दाबला. एकच!

ट्रॅक्टर आडवा फिरला. वरच्या अंगाचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं. ट्रॉली कलली, खोकी घरंगळली, ही कडेच्या फळीला दोन्ही हातांनी धरून. ओरडली नाही. मीच ओरडत होतो — "ब्रेक सोड! बकेट खाली! बकेट टेकव जमिनीला!"

एवढं मात्र ऐकलं त्यानं. बकेट धाडकन खाली आली, मातीत रुतली, हातभर नांगरत गेली आणि सगळं थांबलं. माझ्यापासून चार पावलांवर. चाक परत टेकलं.

साडू उतरला तो खालीच बसला. पांढराफटक. "दादा, तुम्ही नसता तर..."

हिला उतरवून घेतलं. हात गार पडले होते तिचे.

१५ मार्च

साडू आणि मेव्हणी येऊन गेले. मेव्हणी पाया पडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं! मालकीणबाईंचा निरोप आला — सोमवारपासून या, दोघांनी मिळून चालवा.

साडूला शेडमध्ये नेऊन सगळं दाखवलं. जाळी, ग्रीस, कमान उभी कशी करायची, सीटचा पट्टा का बांधायचा, मागे वजन किती लावायचं. पोरासारखा ऐकत होता. कडीपाशी आल्यावर म्हणालो, "हे मी नीट सांगितलं नव्हतं तुला."

"नाही हो, मीच उलटं ऐकलं असेन."

क्लचबद्दल मात्र अजून चकार शब्द नाही काढला त्यानं. राग गेलेला नाही माझा. तेही खरंच आहे, म्हणून लिहिलं.

१६ मार्च, सोमवार

कामावर निघण्याआधी हिला सांगून टाकलं. कडी मीच काढायला लावली होती.

ही भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "माहीत आहे. ऐकलं होतं मी. म्हणून तर ट्रॉलीत जाऊन बसले. तुम्ही धावता का, तेवढंच बघायचं होतं."