कझाकचा रकाना

४ ऑगस्ट १९७४, रविवार
सकाळी कारखान्यात व.च्याच शॉपमध्ये काम करणारा कदम सायकलवरून पत्र देऊन गेला. व.चं. नेहमीसारखं कंपनीच्या मुंबई कचेरीच्या थैलीतून आलेलं, वर तिकीट नाही. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवरा सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला रशियातल्या कझाकस्तानात, अल्मा-आताला गेला, त्याला आता वीस महिने. मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ.
दीड पान. मशीन, तब्येत, हवा. येण्याबद्दल एक शब्द: बघू.
मी दहा कझाक शब्द मागितले होते. पाच आलेत.

७ ऑगस्ट
शाळेच्या हस्तलिखितासाठी लेख: दोन भाषा, कुठे कुठे बोलतात. एक कझाक, हे ठरलेलंच. दुसरी कोणती? मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पिंपरीत निम्मी मल्याळी मंडळी आहेत. मल्याळम घ्या की."
बरोबर आहे. भिंतीपलीकडेच सोसम्मा राहते. कंपनीच्या दवाखान्यात नर्स. गेल्या दिवाळीत आली. व.ने तिला पाहिलेलं नाही.

१० ऑगस्ट
नकाशा काढला. कझाक: कास्पियन समुद्रापासून चीनच्या हद्दीपर्यंत, हद्दीपलीकडेही थोडी, मंगोलियाच्या पश्चिम टोकाला थोडी. केवढा मुलूख, आणि माणसं विरळ. मल्याळम: डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. लक्षद्वीप. माहे. एवढ्याशा जागेत दाटीवाटीने. शिवाय पिंपरी, हे लेखात घालावं का?
दोन्ही प्रदेश एकमेकांना कुठेही शिवत नाहीत. मध्ये हिमालय.

११ ऑगस्ट, रविवार
सोसम्माकडून शब्द घेतले. ती सांगत गेली, मी देवनागरीत लिहीत गेले. घरी येऊन दुसऱ्या रकान्यात उतरवले.
पाणी – वेळ्ळम. घर – वीड. झाड – मरम. मासा – मीन.
पहिल्या रकान्यात, व.च्या पत्रातले कझाक शब्द: वेळ्ळम, वीड, मरम, मीन.
दोनदा वाचलं. इतक्या दूरच्या दोन भाषा, आणि पाण्याला एकच शब्द! हे कुणाच्या लक्षात आलं असेल का? पुण्याला प्राध्यापकांना लिहावं. व.लाही कळवावं, त्याच्यामुळेच तर

१२ ऑगस्ट
शाळेतून येताच सोसम्माला दोन्ही रकाने दाखवले. ती हसायला लागली.
"टीचर, ये दोनों हमारा है."
"हा कझाक आहे. माझ्या मिस्टरांनी रशियातून पाठवलाय."
व.ने पाचवा शब्द न मागता दिला होता: भात – चोर. तिने त्यावर बोट ठेवलं. "रशिया में चोर खाता है?" पुन्हा हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. म्हणाली, "चाय रखती हूँ."
चहा झाला.
कालचं वाक्य तसंच अर्धं राहू दे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून आल्यावर ट्रंक उघडली. व.चं पहिलं पत्र. रशियन तिकीट, शिक्का, सगळं खरं. "इथे शहरात रशियनच चालते. कझाक ऐकायची तर बाजारात जावं लागतं. म्हातारी बाई पाण्याला सू म्हणते."
सू.
दीड वर्षात कुठल्याही मुलखात पाण्याचा शब्द बदलत नाही.

१८ ऑगस्ट, रविवार
कदमला निरोप धाडला होता. दारातच उभा राहिला. मी दोन्ही पत्रं पुढे केली.
"वहिनी, मला काय वाचाया देता."
"व. कुठे आहेत?"
त्याने पत्रं न उघडताच परत दिली.
"कदम भाऊजी."
"कोचीनकडं. परत येऊन वरीस झालं. तितंच नोकरी धरली."
"एकटेच?"
तो सायकलच्या सीटवरची धूळ पुसत बसला. "न्हाई."
पत्रं तिकडून मुंबईला येत, तिथून थैलीत घालून इकडे. ओळखीचा कारकून आहे. आणि व.बद्दल: "तो म्हनला, वहिनीला एकदम धक्का नगं. म्हनलं, व्हय बाबा. माझंबी चुकलं."
"आणखी कुणाला माहीत आहे?"
"समद्या शॉपला हाय, वहिनी."
म्हणजे वर्षभर दर महिन्याला पत्र द्यायला आला, चहा घेतला, "तिकडं थंडी लई आसंल" म्हणाला.

१९ ऑगस्ट
खोटं बोलायलाही कष्ट घेतले नाहीत. पाच खरे कझाक शब्द शोधायला हवे होते. नाहीतर पाच बनवायचे. मी विश्वास ठेवलाच असता.
आणि व.ला मल्याळम कुठून येणार? कुणीतरी शेजारी बसून सांगितले असणार. घराला काय म्हणतात, भाताला काय म्हणतात. ती विचारत असेल, कशाला हवेत? त्याने काय सांगितलं असेल?

२१ ऑगस्ट
लेख दिला. कझाकच्या रकान्यात एकच शब्द.
मुख्याध्यापक: "बाई, एवढंच?"
"खात्रीचं एवढंच आहे, सर."

२४ ऑगस्ट, शनिवार
कदमची बायको येऊन गेली. मुंबईची थैली सोमवारी जाते, उत्तर द्यायचं असेल तर तो सकाळी नेईल म्हणाली.

२५ ऑगस्ट, रविवार
दुपारी सोसम्माकडे. मल्याळममध्ये 'ये' कसं म्हणायचं? "वरू." 'येऊ नको'? ती जरा थांबली. "वरंडा."
आपल्या वऱ्हांड्यासारखं वाटतं. लहान मुलालासुद्धा लक्षात राहील.
"टीचर, दोनों क्यूँ?"
घरी येऊन कोऱ्या कागदावर दोन्ही लिहिले, एकाखाली एक. पत्रात दुसरं काही नाही. सही नाही. त्यातला एक खोडायचा आहे. पाच वाजल्यापासून टाक हातात आहे. कदम उद्या साडेसहाला येईल.