साळिंदराचे काटे परत मिळणेबाबत

प्रति,
मा. मंजुरी अधिकारी,
बालवाचन कक्ष, सार्वजनिक रुग्णालय.

विषय : साळिंदराचे काटे, ते न जमल्यास निदान एक वाक्य, परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षातील दोन टेबलांचे दोन शेरे.

महोदय,

मुलांच्या वॉर्डासाठी ऑपरेशनची भीती घालवणारी गोष्ट लिहिण्याचे काम आपण माझ्याकडे सोपविले होते. त्यानुसार मी सुईला घाबरणाऱ्या साळिंदराची गोष्ट सादर केली. अंगभर सुया मिरवणारा प्राणी एक सुई पाहून पलंगाखाली शिरतो, एवढाच त्यातला विनोद.

आपल्या कक्षात गांभीर्य एका टेबलावर तपासतात व गंमत दुसऱ्यावर. टेबलांचे आपसांत बोलणे नाही, असे शिपाईकाकांकडून समजले. पहिल्या टेबलाने ‘रुग्णालय ही हसण्याची जागा नव्हे’ म्हणून काटे काढले. दुसऱ्याने ‘मुलांपुढे रडगाणे नको’ म्हणून भीती काढली. चित्रकाराने हुकमाप्रमाणे काटे खोडल्यावर साळिंदराचा उंदीर झाला. आता वॉर्डात उंदीर कसा, याचा खुलासा स्वच्छता विभागाने माझ्याकडे मागितला आहे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत झाली आहे.

खुलासा मी देईन. उंदीरही मागे घेईन. परंतु माझी सख्खी भाची याच वॉर्डात असून तिचे ऑपरेशन उद्या सकाळी आहे. दाखल झाली त्या दिवशी तिला मूळ गोष्ट वाचून दाखवली होती. ती खदखदून हसली, मग म्हणाली, “मामा, त्याला दुखलं का रे?” गोष्टीतले पुढचे वाक्य होते, ‘हो, दुखलं. मग थांबलं.’ ते ऐकून तिने सुईसाठी आपणहून सिस्टरकडे हात पुढे केला.

हेच वाक्य पहिल्या टेबलाने फार हलके म्हणून व दुसऱ्याने फार जड म्हणून खोडले आहे. दोन्ही टेबलांचे एकमत झालेले हे एकमेव वाक्य.

नामंजूर मजकूर वॉर्डात वाचू नये, अशी सूचना आता भिंतीवर लागली आहे. म्हणून काल मंजूर गोष्ट वाचली : ‘एक उंदीर होता. तो बरा झाला.’ भाची हसली नाही. हात पांघरुणात ओढून घेत तिने विचारले, “म्हणजे खूप दुखतं ना?”

महोदय, मी काय सांगू? काटे नाही मिळाले तरी चालेल. ते एक वाक्य तेवढे सकाळच्या आत मंजूर करावे, ही कळकळीची विनंती. तिचा हात अजून पांघरुणातच आहे.

आपला नम्र व निरुपाय,
गोष्ट लिहिणारा मामा
(सही)
दिनांक : ऑपरेशनचा आदला दिवस

सोबत : मंजूर प्रत. उंदराच्या पाठीवरचे पेनाचे काटे भाचीने दुसऱ्या हाताने काढले आहेत, कृपया खोडू नयेत.