मलाझच्या गच्चीवरची गोचीड

२९ ऑगस्ट, सोमवार
मेंढ्या लिफ्टने आल्या. चार. माझ्या रफीकच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर तो इथे राहतो त्या सौदी मालकाच्या. दुकान त्याचं, बिल्डिंग त्याची, आता गच्चीवर त्याच्या मेंढ्या. ईदला दोन आठवडे आहेत. इथे सौदीत शहरात जनावर ठेवायला बंदी, बलदियाची माणसं उचलून नेतात. बलदिया म्हणजे म्युनसिपालटी, गावी म्हसळ्याला असती तर अशीच असती. म्हणून गच्ची.
रफीक म्हणाला, "अम्मी, तू काही बघितलं नाहीस."
म्हटलं, "लिफ्टमध्ये माझ्या चपलेत लेंडी पडली, ती पण नाही बघितली?"
हसला नाही. हल्ली हसतच नाही माझा मुलगा. मोबाईलची दुकानं आता फक्त सौदी पोरं चालवणार, सरकारचा हुकूम. बारा वर्षं त्या काउंटरवर फोन उघडून बसलाय. कफील म्हणतो, इकाम्यावरचा, राहण्याच्या परवान्यावरचा, धंदा बदलून देतो, माझ्या एसीच्या गोदामात ये. सही ईदनंतर. सही झाली तर ठीक. नाही तर खलास, सगळे म्हसळ्याला.
वही नात मुनीराची. पुढून तिची गणितं, मागून मी.

३१ ऑगस्ट, बुध
साखरेची गोळी घेतली.
सूनबाई नसरीन असरच्या नमाजानंतर पोरांच्या शिकवण्या घेते. बाहेरची खोली तिची, आम्ही दोघी आत कोंडलेल्या. मुनीराची शाळा अजून बंद. सात वर्षांचं पोर भिंतींकडे किती बघणार? कलिंगडाच्या साली पिशवीत भरल्या आणि तिला घेऊन वर गेले. रफीक नको म्हणाला होता ते ठाऊक आहे.
कुर्बानीच्या जनावराला पोरांच्या हातून खाऊ घालायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या सासूने रफीककडून करून घेतलं होतं. जनावर कुणाचं का असेना.
वर राखणदार उस्मान, सुदानचा म्हातारा, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेला. सलाम केला. त्याची भाषा मला नाही, माझी त्याला नाही. चांगलं जमतं आमचं.
मुनीराने एका मेंढीचं नाव ठेवलं, स्नोई. म्हटलं, नाव ठेवू नकोस, ईदला खाणार तिला. "दादी, डोंट," म्हणाली आणि तिच्या मानेला मिठी मारून बसली.

२ सप्टें., शुक्र
परत वर. कालही.

४ सप्टें., रवि
काल चौथ्यांदा वर गेलो. आज मुनीराला न्हाऊ घालताना गुडघ्याच्या मागे दिसली. राखाडी, चण्याच्या डाळीएवढी. गोचीड. चाळीस वर्षं शेळ्या पाळल्या, मला चष्मा लागत नाही त्याला. नखात धरून सरळ ओढली. गॅस पेटवून वर टाकली. तडकली. जनावराची काढली की चुलीत टाकायची, हात आपोआप तिकडेच जातो.
जागेवर लसूण ठेचून फडक्याने बांधली. शेळीला करंजेल लावते, ते इथे कुठून आणू.
मुनीरा म्हणाली, "सीक्रेट?"
म्हटलं, "सीक्रेट."

५ सप्टें., सोम
लसूण फार वेळ राहिली. काल दुपारी माझा डोळा लागला, उठून बघते तर पोर रडतेय, आग होते म्हणून. धुतलं. लाल झालंय. उतरेल.

६ सप्टें., मंगळ
उतरलं नाही. गोल चकती झाली, रुपयाहून मोठी. कडेला लाल, मध्ये फिकट. नसरीनने बघितली. मुनीराचं सीक्रेट दोन मिनिटं टिकलं, पण तिने फक्त गोचीड सांगितली. गच्ची नाही सांगितली. शहाणी.
"अम्मी, गोचीड? मलाझमध्ये? घरात?"
म्हटलं, आली कुठून तरी.
"कुठून तरी म्हणजे कुठून?"
म्हटलं, तुझ्या शिकवणीला वीस पोरं येतात, त्यांना विचार.
मग फोटो काढून अमेरिकेत भावाला पाठवला. अर्ध्या तासात त्याचा आवाज आला फोनमधून. तिकडे हरणं म्हणे आता शहरात घुसतात, बागेत, बंगल्यांच्या मागे. गोचिड्या त्यांच्यावरून माणसांवर. लाइम का काय आजार. शेजाऱ्याचं अर्धं तोंड वाकडं झालं होतं. आणि सुरुवातीला अशीच गोल चकती येते, तो म्हणाला, अगदी अशीच.
नसरीन भिंतीला टेकून खाली बसली.
चकती माझ्या लसणीची आहे. सांगणार होते. तोंडाशी आलं होतं. पण मग वाटलं, लसूण तर मी मध्ये लावलेली. मध्ये फिकट आणि लाल कडेला, हे कसं? आता मलाच कळेना.

८ सप्टें., गुरु
सकाळी ताप. १०२. रफीक काउंटर सोडून आला. तसंही काउंटरवर आता एक सौदी पोरगा बसतो, हा मागे उभा राहून त्याला शिकवतो.
दवाखान्यात हैदराबादचा डॉक्टर. बरा माणूस, पण घाईत.
"अम्मा, शहर में टिक? किसी फार्म पर गए थे? ऊंट? भेड़-बकरी?"
रफीक पटकन म्हणाला, "नहीं डॉक्टरसाब. मलाझ से बाहर ही नहीं गए."
मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसले. बत्तीस आहेत, मोजले.
"वो कीड़ा लाए हैं?"
"जला दिया," म्हटलं.
त्याने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे असं बघितलं, जशी मी त्याची फाईलच जाळली.
नसरीनने अमेरिकेचं सांगितलं. तो म्हणाला, ते तिकडचं, इथे होत नाही. निशाण अजीब आहे पण. इथे जनावरांच्या गोचिड्यांचे दुसरे ताप आहेत, त्यातले काही वाईट. जनावराजवळ गेली असती तर वेगळ्या तपासण्या केल्या असत्या. गेली नाही म्हणता, तर व्हायरल समजतो. नाकातून, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच या.


९ सप्टें., शुक्र
जुम्म्याहून आल्यावर रफीकने मला स्वयंपाकघरात धरलं. हळू आवाजात. नसरीन मुनीराजवळ.
"तू वर गेली होतीस तिला घेऊन?"
"गेले होते."
"किती वेळा?"
"तीनदा." चारदा गेले होते.
स्टुलावर बसला. आता ओरडेल म्हटलं, ओरडला नाही. म्हणाला, "डॉक्टरला सांगितलं तर तो बलदियाला कळवणार. बलदिया येणार, मेंढ्या नेणार, कफीलची इज्जत जाणार. मग माझ्या कागदावर सही कोण करणार, तू?"
"आणि नाही सांगितलं तर?"
"व्हायरल असेल, अम्मी."
"असेल."
लसणीचं सांगितलं त्याला. म्हणाला, बघ, म्हणजे चकती काहीच नाही. म्हटलं, चकती काही नाही, तर ताप कसला? दोघं भांडी बघत बसलो.

१० सप्टें., शनि
ताप सकाळी ९९, दुपारी १०२. वर जातो, खाली येतो.
लोणच्याची रिकामी बाटली घेतली, धुतली, वर गेले. एकटी.
मेंढ्यांचे कान उलटून बघितले. आत मूठभर. शेपटीखाली तर विचारूच नका. उस्मान चाचा नखाने काढतो आणि चपलेने चिरडतो, फरशीवर काळे डाग. त्याला खुणेने विचारलं, तुला ताप? त्याने छातीवर हात ठेवला, अल्हम्दुलिल्लाह. म्हणजे हो की नाही?
दोन गोचिड्या बाटलीत टाकल्या. झाकण घट्ट लावलं.
उतरताना तिसऱ्या मजल्यावर, इजिप्तवाल्या बाईच्या दाराशी, भिंतीवर एक चालत होती. आरामात. खाली तिच्या जुळ्यांची ढकलगाडी. तीही बाटलीत. मग पायऱ्या बघत बघत उतरले. बाकी काही दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे नाहीतच, असं थोडंच आहे.
बाटली फ्रीजच्या वर, मसाल्याच्या डब्यामागे.

१२ सप्टें., सोम. ईद.
तीन मेंढ्या कापल्या. एक ठेवली, कफीलचा भाऊ उद्या येणार म्हणे. ठेवलेली स्नोईच. मुनीराला सांगितलं, तेवढीच हसली.
कफील स्वतः खाली आला. अत्तराचा वास जिन्याभर. अख्खी तंगडी दिली आणि खजुराचा डबा. मुनीराच्या डोक्यावर हात ठेवून दुआ केली, बराच वेळ. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर सोपं झालं असतं.
रफीकने कागदाचं विचारलं. "बुकरा, इन्शाअल्लाह." म्हणजे उद्या.
मांस शिजवलं. मुनीराने दोन घास घेतले.

१३ सप्टें., मंगळ
उद्या झाला. कफीलचा भाऊ आला नाही, स्नोई वरच. सही नाही. ताप १०१.

१४ सप्टें., बुध
सकाळी मुनीराच्या नाकातून रक्त. दोन थेंब, उशीवर. हवा कोरडी, तिला मागच्या वर्षीही यायचं, नसरीनच म्हणाली. मग म्हणाली, पण आज का?
रफीक गाडीची चावी शोधत होता. चावी त्याच्या हातातच होती.
मी बाटली पदराखाली घेतली.
डॉक्टरने तपासलं, पुन्हा तेच विचारलं. जनावर? रफीकने तोंड उघडलं. नुसतं उघडं. लहान असताना खोटं बोलायचं झालं की असाच व्हायचा.
बाटली टेबलावर ठेवली. म्हटलं, "भेड़. हमारी बिल्डिंग के ऊपर. मैं लेके गई थी लड़की को. चार बार. और वो निशाण मेरे लसूण का है, शायद. शायद नहीं भी."
डॉक्टर बाटलीकडे वाकला. तिघी अजून चालत होत्या.
"ये पहले क्यों नहीं बताया?"
म्हटलं, "अभी बताया ना."
मग सगळं भराभर. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, रक्त घेतलं, नवीन औषध सुरू. बाटली त्यांनीच ठेवून घेतली. फॉर्मवर पत्ता लिहायला सांगितला, बिल्डिंगचा नंबर, गल्ली. रफीकने लिहिला. अक्षर चांगलं आहे त्याचं, पहिल्यापासून.

१५ सप्टें., गुरु
नसरीन माझ्याशी बोलत नाही. चहा आणून ठेवते, बोलत नाही. बरोबर आहे तिचं. मीही बोलले नसते. मी तर चहाही दिला नसता.
दुपारी फक्त एक वाक्य, "अम्मी, पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर?"
म्हटलं, "तर काय झालं असतं ते मलाही माहीत नाही."
खरंच नाही. गोचिडीचा ताप आहे की नाही तेच अजून कुणाला ठाऊक नाही. अमेरिकावाला म्हणतो लाइम. डॉक्टर म्हणतो लाइम नाही, दुसरं असेल, किंवा काहीच नसेल. रिपोर्ट रविवारी.

१७ सप्टें., शनि
बलदियाची माणसं आली. तोंडाला पट्ट्या, पाठीवर टाक्या. गच्ची फवारली, जिना फवारला, ढकलगाडीसुद्धा. इजिप्तवाली बाई दारात उभी राहून आम्हा सगळ्यांना शिव्या देत होती असं वाटलं. कदाचित दुआही असेल. अरबी मोठ्याने बोललं की मला सारखंच ऐकू येतं.
स्नोईला गाडीत घालून नेली. लिफ्टनेच.
उस्मान चाचालाही नेला, रक्त तपासायला. जाताना त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. मला सलाम, की तूच ना ती सांगणारी? मीही हात वर केला.
बलदियाच्या माणसाने रफीककडे मालकाचा नंबर मागितला. दिला.
मुनीरा ९९. डाळभात मागून खाल्ला. स्नोई कुठे गेली विचारलं. म्हटलं, डॉक्टरकडे. "लाइक मी?" म्हणाली. म्हटलं, लाइक यू.

१८ सप्टें., रवि
साखरेची गोळी विसरले, आता घेतली.
ताप ९८. उतरला, की पुन्हा लपलाय? नसरीन दर तासाला बघते. गुडघ्यामागे चकती फिकट झालीय. सालं निघतायत, भाजल्यासारखी. म्हणजे लसूणच असणार. बहुतेक.
हॉस्पिटलात फोन केला, रिपोर्ट दुपारनंतर. दोनदा केला, तेच उत्तर.
अकरा वाजता रफीकचा फोन वाजला. सोफ्यावर पडला होता. कफीलचं नाव. रफीकने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाजत राहिला.
"उचल," म्हटलं.
उचलून गॅलरीत गेला, काचेचं दार ओढून घेतलं. लिहितेय तोवर तो तिथेच आहे. पाठ दिसते. आवाज येत नाही. मध्ये मध्ये मान हलते. मी चष्मा लावून बघितलं, पण मागून बघून हो म्हणतोय की नाही, सही की म्हसळा, ते कळत नाही.